राजकन्येचे रुदन-प्रयोग

परीक्षेस्तव परगावी गेलेल्या धाकट्या भगिनीस ज्येष्ठ बंधूचे अस्वस्थ आशीर्वाद.

तुझी आठ महिन्यांची कन्या सुखरूप आहे. डॉक्टरीणबाईंच्या मते गेल्या आठवड्यातील विषाणुजन्य सर्दीने पोटातील गाठी सुजल्या आणि आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकला, सदऱ्याची बाही आत ओढली जावी तसा. हवेच्या दाबाने तो पूर्ववत सरकवला. पुन्हा अडकू शकतो, म्हणून उद्यापर्यंत देखरेख आहे.

फोनवर तू म्हणालीस, "दादा, तू वेळा टिपल्यास म्हणून पोर वाचली रे!" डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, "दर वीस मिनिटांनी रडते, मध्ये खेळते, हे कागदावर दिसलं, म्हणून लगेच सोनोग्राफी केली."

आता सत्य. ती पाय पोटाशी घेऊन किंचाळे आणि क्षणार्धात खुळखुळा मागू लागे. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, दवाखान्यात नेऊ या." मी वदलो, "नाटकं आहेत. आईवर गेलीय!" आणि तुला हसवण्यासाठी वर 'राजकन्येचे रुदन-प्रयोग' असे शीर्षक घालून वेळा टिपत बसलो. पाचव्या प्रयोगाला तिने हिरवी ओकारी केली. तेव्हा वहिनीने मला विचारले नाही. सरळ तिला उचलून रिक्षा गाठली.

कागद डॉक्टरीणबाईंना देण्यापूर्वी शीर्षक मात्र मी फाडून घेतले.

हे पत्र मी पाठवणार नाही. खाटेशी बसून पुन्हा घड्याळ पाहतो आहे. ती शांत निजली आहे आणि मला तेही सोसवत नाही. शीर्षकाची ती फाडलेली पट्टी खिशात आहे. तू आलीस की आधी कन्या तुझ्या हाती देईन, मग पट्टी.

दक्षतेबद्दल नाहक गौरविलेला,
दादा