चिंगीच्या झोपेची वही, मागची पानं

ता. ३ नोव्हेंबर, सोमवार

मला न इचारता वही हातात दिली. चौथी शिकलेली बाई मी, सही येती तेवढी पुरे होती. आता लेकराची झोप लिहून ठेवा म्हणे. कवा झोपती, कवा उठती, किती पिती. डॉक्टरीणबाईनं सांगितलं म्हणून सूनबाईनं वही आणली, आन लिहायचं कुणी, तर म्हातारीनं.

झोप पुढच्या पानावर लिहीन. माझं मागून लिहीन. मागून कोणी वही उघडत न्हाई.

नात आठ महिन्याची. नाव आर्वी. अर्थ काय म्हणून जयश्रीला, म्हणजे सुनेला, विचारलं तर म्हणे मोबाइलवर आहे. मी चिंगी म्हणते. चिंगी म्हटलं की माझ्याकडं बघती, आर्वी म्हटलं की पंख्याकडं.

आजची झोप: दुपारी दहा मिनिटं. दिवे लागले की रडणं सुरू, आमची जेवणं झाली तरी चालू. बाप, म्हणजे माझा संतोष, गोरेगाव ते सेनगाव जीप चालवतो. जेवला की आडवा. लेकरू त्याच्या कानाशी रडतं न हा घोरतो. दोघांची जुगलबंदी.

ता. ४, मंगळवार

सकाळी अर्धा तास झोप. मग न्हाईच.

जयश्रीच्या मोबाइलमध्ये आयायचा ग्रुप आहे. एक म्हणती लेकराला अंधारात एकटं ठेवा, रडून रडून झोपतं. दुसरी म्हणती रडू देऊच नका, मनावर परिणाम होतो. तिसरीनं मिक्सर चालू ठेवायला सांगितला, त्या आवाजानं झोपतं म्हणे. ठेवला. शेजारची कुत्री भुंकली, चिंगी हसली. झोपली न्हाई. या बायायची लेकरं एवढी झोपतेत तर ह्या काहून जाग्या मोबाइलवर, हे मी विचारलं. जयश्रीला राग आला.

संतोष जीपमधून सल्ले आणतो. आज म्हणे, "माय, पुढच्या सीटवरच्या मास्तरनं सांगितलं, तळपायाला कोमट तेल लावा."

म्हटलं, "लाव मग."

"मला कुठं जमतं."

जमायला काय, पाय दोनच हायेत लेकराला.

जयश्री गोरेगावच्या शाळेत हापिसात कारकून. सुट्टी संपली. सतरा तारखेला सोमवारी हजर व्हायचं, न्हाई तर ती जागा दुसरीला. असं रात्र रात्र जागून ती तिथं काय लिहिणार. काल पिठात दोनदा मीठ टाकलं. मी बोलले न्हाई, भाकर खाल्ली. पाणी लई पिलं.

ता. ६, गुरुवार

विहीण आली. वारंगा फाट्यावर तिचं चहा-भज्याचं हॉटेल आहे. ते पोराच्या हवाली करून लेकीला मदत करायला आली. मदत म्हणजे मी बांधलेल्या झोळीची गाठ सोडून पुन्हा बांधती.

आमचं बोलणं बारशापासून बंद. तिनं लोखंडी पाळणा आणला होता, घुंगरं लावलेला. करकर करायचा. मी तो माळ्यावर टाकला आन माझ्या जुन्या नऊवारीची झोळी बांधली. तवापासून जे काही सांगायचं ते संतोषच्या तोंडून.

"जावईबापू, त्यांना म्हणावं चहात साखर कमी आहे."

"संतोष, त्यांना म्हण डबा समोरच आहे."

आमी दोघी एका खोलीत, मधी हा. मान हलवतो, हां म्हणतो. मोबाइल बघून राहतो.

चिंगी दिवसात मिळून पाऊण तास झोपली. मी सहाण काढली तर जयश्रीनं बघितलं. "आत्याबाई, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, गुटी न्हाई, काहीच चाटवायचं न्हाई." बरं म्हटलं. बरं म्हणायला काय जातं. संतोष वेखंड, हळकुंड, जायफळावरच वाढला.

ता. ७, शुक्रवार

दिवे लागायच्या आत जायफळ उगाळलं. सहाणेवर दोन वळसे, वर थेंबभर पाणी, बोटानं चाटवलं. जयश्री गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. विहीण न्हाणीत.

जीप अंगणात आली तसं संतोषला गाठलं. "जायफळ दिलंय. तुझ्या सासूला सांग, आणखी काही चाटवू नको म्हणावं."

"हां माय."

हातात मोबाइल, त्यात क्रिकेट.

पुढच्या पानावर जायफळ लिहिलं न्हाई. पुढचं पान जयश्री बघती.

साडेसातला झोपली. पहिल्यांदा घर गप. जयश्रीला ताटावरच डुलकी आली, हात भातात. विहीण गालात हसून राहिली. मी बी. दोघींचं हसू कशाचं ते दोघींनाच माहीत, असं मला वाटलं.

ता. ८, शनिवार

संध्याकाळी लिहून राहिले. 

सकाळी सात वाजले, चिंगी उठली न्हाई. जयश्री खुशीत. आठ वाजले. मी गालाला हात लावला, नुसतीच कूस बदलली. नऊला जयश्रीनं अंगावर घेतलं तर तोंड उघडंना. मान कापडासारखी पडली. पाणी लावलं तोंडाला, डोळे उघडले, पुन्हा मिटले.

जीप काढली. संतोषनं सेनगावपर्यंत एक पॅसेंजर घेतला न्हाई.  विहिणीच्या मांडीवर माझा हात होता, ते मला दवाखान्यात उतरताना कळलं.

डॉक्टरीणबाईनं डोळे बघितले, छाती ऐकली. म्हणे, "काय दिलं?"

जयश्री म्हणे, काहीच न्हाई, माझं दूध न वरणाचं पाणी.

"घरात आजी कोण?"

आमी दोघी. विहीण छताकडं बघून राहिली. मी म्हटलं, जायफळ, दोन वळसे. जयश्रीनं माझ्याकडं बघितलं न्हाई. त्याच्यापेक्षा बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मग विहीण हळूच, "मी बी दिलं. तीन वळसे. दिवे लागल्यावर, मालिश करून."

दोन न तीन. आठ महिन्याच्या जिवाला.

मी पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलले. "तुमाला सांगायला लावलं होतं ना मी?"

ती म्हणे, "मला कुणी सांगितलं? मीच जावईबापूला सांगितलं होतं, त्यांना सांगा म्हणून."

दोघींनी वळून बघितलं. संतोष भिंतीला टेकून उभा. म्हणे, "मला वाटलं तुमी दोघी एकाच वेळचं बोलून राहिल्या."

चार वाजेपर्यंत नजरेखाली ठेवली. सव्वातीनला रडली. एवढं मोठं रडली की बाहेरच्या बाकावरच्या बाया हसल्या. पोटभर पिली. घरी आणली.

पुढच्या पानावर आज सगळं लिहिलं. कालचं जायफळ बी. मागचं न पुढचं पान आज सारखंच.

ता. ९, रविवार

मी दिलं. लपवून दिलं. हे माझं. दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचं न्हाई.

सहाण घासून देवाजवळ ठेवली, आता फक्त गंध उगाळायला. गुटीच्या थैलीतलं जायफळ मसाल्याच्या डब्यात टाकलं. जयश्रीच्या पुढ्यात केलं. ती चिंगीचे कपडे घडी करत होती. घडी केलेलं पुन्हा उघडून पुन्हा घडी करत होती. 

विहीण परत फाट्यावर गेली. जाताना माझ्या पाया पडली न मी तिच्या. कुणी शिकवलं न्हाई, झालं तसं.

ता. ११, मंगळवार

झोप: दुपारी वीस मिनिटं. संध्याकाळी रडणं जसंच्या तसं.

जयश्री म्हणे नोकरीवर जात न्हाई. मी म्हटलं, काहून?

"लेकरू कुणावर टाकू, आत्याबाई?"

म्हटलं, "तू घरी बसली तर दिवसभर एकमेकीचं तोंड बघावं लागल. मला जमायचं न्हाई."

"मला बी न्हाई जमायचं. पण कुणावर टाकू?"

 

ग्रुपवरच्या बायांना तिनं सगळं लिहिलं. उत्तरं आली: आज्यांच्या हाती लेकरू देऊ नका, आज्यांना नवीन काही समजत न्हाई, आज्या ऐकत न्हाईत. मी तिला वाचून दाखवायला लावलं. एकीनं बी विचारलं न्हाई की बाप कुठं होता.

संतोषच्या जीपमध्ये बी गोष्ट पोचली. लोक त्याला म्हणतेत, लई तकलीफ झाली तुला, दवाखान्यात पळावं लागलं. मला सांगताना त्यानं डोळे पुसले. माझे कोरडेच.

ता. १३, गुरुवार

दुपारी चिंगी झोळीत. माझ्या पायाच्या अंगठ्याला दोरी, पाय हालवला की झोळी हालती. तांदूळ निवडता निवडता डोक्यात हेच.

घरात त्या सांजेला चार मोठी माणसं होती. मला माझ्या वळशांचं माहीत. विहिणीला तिच्या. जयश्रीला काहीच न्हाई, तिच्यापासून लपवलं. दोन्हीचं माहीत होतं फक्त एकाला. आन तोच झोपला.

जीपमधल्या मास्तरचं तेल, सेनगावच्या बाईचा ओवा, कुण्या कंडक्टरचा ताईत, रस्त्यावरचं सगळं घरी आणतो. घरातलं घरात दोन खोल्यांपलीकडं पोचवलं न्हाई.

आज जेवताना बोलले त्याला. म्हणे, "माय, तुमच्या दोघींच्या भांडणात मला काहून ओढता? बोलत असत्या तर असं झालंच नसतं."

हे बराबर बोलला. मला लागलं. पण मग भांडणात नसलेल्या माणसानं काय केलं? हां म्हटलं. नुसतं हां.

याचा बाप बी असाच होता. हा तान्हा असताना मी रात्र रात्र अंगणात फिरवायची, बाप बाजेवर. एकदा बी हलवलं न्हाई त्याला. दिवसभर राबतो, झोपू द्या, मीच म्हणायची. शेजारणीला बी अभिमानानं सांगायची, आमच्या माणसाला झोप लई प्यारी. मी राबत नव्हते का. मग पोरानं काय बघितलं, तेच. रडण्याला ओ बाईनं द्यायची असती.

संतोषला दोष देताना हे बी लिहायला पाहिजे, म्हणून लिहिलं.

ता. १५, शनिवार

विहिणीचा फोन. संतोषच्या मोबाइलवर न्हाई, जयश्रीच्या बी न्हाई. माझ्या बटनाच्या मोबाइलवर.

"विहीणबाई, मी बोलून राहिले."

"बोला की, कान हायेत मला."

चिंगीचं विचारलं. मग म्हणे, फाट्यावर तिच्या घरी बी तेच. लेकाला हाक मारली की सून उठती. मी म्हटलं, आपण दोघींनी दोन पोरं मोठी केली, दोघं बहिरी निघाली. ती लई हसली. मागं भज्याच्या कढईचा आवाज येत होता. मग म्हणे, "पाळणा माळ्यावरच आहे का?"

"आहे. घुंगरं काढून आणते खाली, मोठी झाली की."

"घुंगरं काढायची काय गरज?"

"करकर बी काढणार हाय, तेल घालून. बोलू नका मधी."

ठरलं. लेकराबद्दल काही बी असलं तर मी तिला, ती मला. मधी माणूस न्हाई.

ता. १६, रविवार

उद्या सोमवार.

जयश्रीनं इस्त्रीची साडी खुंटीला लावली, पण डबा धुतला न्हाई न पिशवी भरली न्हाई. दोन्हीकडं पाय. 

जेवणं लवकर केली. मग झोळी सोडली. आडवी तुळई मोजून बघितली, संतोषच्या खाटेच्या डोक्याशी बांधली. दोरी त्याच्या हाताला येईल अशी. तो आला, बघत उभा राहिला.

"माय, हे काय?"

"झोळी."

"मला पहाटे गाडी काढायची असती."

"जयश्रीला दहाला शाळा असती."

"आन मला जाग न्हाई आली तर?"

"आमा दोघींचा निरोप तुझ्याकडं होता तवा बी न्हाई आली. आता येऊ दे."

दोरी ओढून बघितली. मग म्हणे, "नुसती हालवायची का अजून काही?"

मी सांगितलं. आधी बघायचं ओली आहे का. मग उचलायचं, खांद्यावर, ढेकर येईपर्यंत. भूक असली तरच जयश्रीला द्यायची. मग पुन्हा झोळी. गाणं येत नसलं तर सेनगाव, सेनगाव, चला सेनगाव असं ओरडतो तेच हळू आवाजात म्हण, ऐकून ऐकून झोपल. जयश्री तोंडावर पदर घेऊन हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

तिला माझ्या खोलीत झोपायला सांगितलं. मी ओसरीवर. ती म्हणे, "आत्याबाई, यांच्यानं न्हाई झालं तर?"

म्हटलं, "तर पिशवी भरू नको. पण आधी बघू तर दे."

वही आता चिंगीच्या झोळीखाली ठेवणार. पुढच्या पानावर आजपासून संतोषनं लिहायचं. तो बारावी शिकलाय, मी चौथी.

हे लिहून राहिले तवर आत चिंगीची कुरकुर सुरू झाली. जयश्रीची पावलं दारापर्यंत आलेली ऐकली. मी ओसरीवरूनच सांगितलं, तेच पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं न इथं बी लिहिते:

चिंगी रडली की ओ संतोषनं द्यायची. जयश्रीनं न्हाई, मी न्हाई. संतोषनं.