आल्यावर सांगू

शनिवार, २२ जुलै २००६

प्रिय गिरीश,

रागावलेल्या माणसाने 'प्रिय' लिहावं का, यावर मी बराच वेळ घालवला. शेवटी लिहिलं, कारण ते खरं आहे. पुढचंही सगळं खरं आहे, म्हणून आधी गोळ्या घे, खुर्चीत नीट टेकून बस आणि मग वाच. येत्या गुरुवारी ज्याची बायपास आहे त्या माणसाला असं पत्र लिहावं का, हे मी स्वतःला विचारलं आणि माझ्यावर विश्वास नाही म्हणून मनीषालाही विचारलं. ती म्हणाली, "लिहा ताई. राग त्यांना सोसतो, तुमचा अबोला सोसत नाही." तुझ्या बायकोच्या भरवशावर लिहितेय.

गेल्या रविवारी तू फोन केलास. अँजिओग्राम, तीन ब्लॉकेजेस, ऑपरेशनची तारीख, सगळं ऑफिसच्या मीटिंगमधले मुद्दे सांगावेत तसं सांगितलंस. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालास, "आणि ताई, दियाला काही कळवू नकोस हं. तिकडे मंगोलियात मजेत आहे पोरगी. तिचा समर कशाला खराब करायचा? आल्यावर सांगू."

आल्यावर सांगू. हे तू मला ऐकवलंस, गिरीश. मला! तुझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. मी "बरं, काळजी घे" म्हणाले, फोन ठेवला, आणि स्टॅनमोरच्या माझ्या एवढ्याशा स्वयंपाकघरात धुवायला काढलेला कुकर सिंकमध्ये असा आपटला की त्याच्या झाकणाची मूठ तुटली. खालच्या मजल्यावरच्या मिसेस हॅरिस वर येऊन सगळं ठीक आहे ना विचारून गेल्या. मी त्यांना सांगितलं, हात निसटला. खोटं बोलायला आपल्या घरात कुणालाच शिकवावं लागत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठव. शाळेला सुट्टी लागली आणि शेहेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा एकटी, टूर नाही, ग्रुप नाही, अशी कुठेतरी निघाले, मंगोलियाला. तुम्ही सगळे हसलात. तू म्हणालास, "ताई, तिकडे शाकाहारी फक्त मेंढ्या असतात." हसली नाही ती आई. तुझ्या मिल्टन कीन्सच्या घरात, तिच्या त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तिने सगळं नीट ऐकून घेतलं. ते लोक गुरं-मेंढरं घेऊन ऋतूगणिक तंबू हलवतात, हे मी सांगितल्यावर तिने एकच विचारलं, "मग विरजण कुठे ठेवतात गं? सारखं हलवलं तर मोडत नाही?" मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "विचारून ये." आणि मेतकुटाचा डबा माझ्या बॅगेत कोंबला.

त्या देशात रस्ते नाहीत, चाकांच्या खुणा आहेत. जुन्या रशियन व्हॅनमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून दिवसभर जायचं, जिथे व्हॅन थांबेल तिथे उतरायचं आणि गवतात दिसेल त्या पांढऱ्या ठिपक्याकडे चालत सुटायचं. तो ठिपका म्हणजे लोकरीच्या जाड बुरणुसाचा गोल तंबू. त्याचं दार वाजवायचं नसतं. लांब उभं राहून ओरडायचं, "कुत्रं धरा!" कुत्रं नसलं तरी तसंच. म्हणजे आतल्या माणसाला कळतं की कुणीतरी आलंय, त्याला सावरायला वेळ मिळतो, आणि मग तुम्ही पुढे जायचं. मी हे किती वेळा ओरडले असेन! पहिल्यांदा लाजत, कुजबुजल्यासारखं. नंतर अगदी गल्लीतल्या भाजीवालीसारखं खणखणीत.

आत गेलं की हातात मिठाचा दुधाळ चहा येतो आणि चौकशी सुरू होते. गुरं धष्टपुष्ट आहेत का, वाटेत पाऊस लागला का, कोण कोण भेटलं. खाणाखुणा, वहीतली चित्रं आणि माझे पाठ केलेले वीसेक शब्द, एवढ्यावर भागायचं. प्रत्येक जण प्रत्येकाची खबर पुढे नेत असतो. एका तंबूत मी वाचायचा चष्मा विसरले आणि एका ट्रकमधून दोन दऱ्या ओलांडून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी एक घोडेस्वार हजर. बांगड्या घातलेली आणि सारखं काहीतरी लिहीत बसणारी बाई कुठे आहे, असं विचारत तो तंबूमागून तंबू करत आला होता. त्याने माझा चष्मा आधी स्वतःच्या नाकावर चढवला, सगळ्यांकडे रोखून पाहिलं, पोट धरून हसला, चहा प्यायला आणि निघून गेला.

गिरीश, त्या देशात माझा चष्मा मला सापडला. आणि तू मला सांगितलंस की मी सापडले नसते.

परत आले त्या दिवशी मी हीथ्रोवरून स्टॅनमोरला गेलेच नाही, बॅगेसकट तडक तुझ्याकडे आले. आईच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. दुल्मा नावाच्या बाईच्या तंबूत मी राहिले होते, तिने दाखवलं: उन्हाळा सरताना ती एक फडकं आंबलेल्या दुधात बुडवून वाळवते आणि तंबूच्या छताच्या काठीला खोचून ठेवते. वसंतात तेच फडकं ताज्या दुधात टाकलं की विरजण पुन्हा जागं होतं. त्यातलाच हातभर तुकडा तिने मला फाडून दिला. तो मी पासपोर्टबरोबर ठेवला होता. तू दार उघडलंस. तुझ्या डोक्यावर नुकते उगवलेले बारीक केस होते, आणि मी म्हणाले, "हे काय रे, नवी फॅशन?" आणि हसले. मी हसले, गिरीश. तू मला हसू दिलंस. मग हॉलमधला हार घातलेला फोटो दिसला.

तू म्हणालास, "ताई, तुला कळवून काय झालं असतं? एवढ्या लांब, कुठल्या डोंगरात तू! सापडली नसतीस." फ्रिजवर, तुमच्या गावच्या त्या प्रसिद्ध काँक्रीटच्या गायींच्या मॅग्नेटखाली, उलानबातरच्या गेस्टहाऊसवाल्या ओयुनचा फोन नंबर माझ्याच अक्षरात लावलेला होता. खाली लिहिलेलं होतं: काहीही झालं तर हिला सांग, ही मला शोधेल. तो कागद कुणी हलवलासुद्धा नव्हता. मी नंतर ओयुनला विचारलं. तिला कुणाचाही फोन आलेला नव्हता.

आई ॲटॅकनंतर आठवडाभर होती. त्या आठवड्यातली माझी डायरी मी वाचते तेव्हा मला माझीच किळस येते. घोडीचं दूध काढायला शिकताना मी शेणात बसकण मारली, असं लिहिलंय. इतकी निवांत मी कधीच नव्हते, असंही लिहिलंय. हा निवांतपणा तू मला भेट दिलास असं तुझं म्हणणं. मला तो कुणाच्या तरी घरातून उचलून आणल्यासारखा वाटतो.

तुझी बाजू मी मांडून पाहिली नाही असं समजू नकोस. बाबांच्या आजारपणात घर मी धरून ठेवलं, तुझं शिक्षण झालं, माझं लग्न राहून गेलं. ताई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही करतेय, ते मोडू नये, असं तुझ्या मनात आलं. हे खरं आहे, मी मानते. कदाचित मी पोचलेही नसते. व्हॅन बंद पडली असती, विमान मिळालं नसतं. पण मग ते न पोचणं माझं असतं. तू तेही माझ्याकडून काढून घेतलंस.

इथवर मी गिळलं होतं. पण तुला ठाऊक नाही की मला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत चकल्या पाडता पाडता मनीषाच्या तोंडून निघून गेलं. तिच्यावर चिडू नकोस. ती सोऱ्या तसाच हातात धरून रडत होती. आई रोज माझी चौकशी करत होती, आणि तू तिला सांगत होतास, "कळवलंय आई. निघालीये ताई. वाटेत आहे." मग ती वॉर्डच्या खिडकीचा पडदा सरकवून ठेवायला लावायची आणि खालच्या कार पार्ककडे बघत राहायची. नर्सला तिच्या त्या इंग्रजीत सांगायची, "माय डॉटर, कमिंग."

माझ्याशी खोटं बोललास ते एक वेळ ठीक. पण तू आईला माझी वाट बघायला बसवलंस, आणि ती कुणाची तरी वाट बघतेय हे मला मात्र कळू दिलं नाहीस. मला यायला उशीर झाला असं समजून ती गेली. तिच्या हिशेबी मी निघाले होते आणि पोचले नाही. हे मी कुणाला जाऊन सांगू की आई, मी निघालेच नव्हते, मला कुणी सांगितलंच नव्हतं? दिवाळीपासून मी तुझे फोन दोन मिनिटांत का आटपते, हे आता तुला कळलं असेल. तुला वाटलं, शाळेत इन्स्पेक्शन चालू आहे.

म्हणून रविवारी कुकर आपटल्यावर मी स्वतःला विचारलं: दियाला कळवायचं म्हणतेस, हा सूड तर नाही ना? आईचा हिशेब तू एकोणीस वर्षांच्या पोरीच्या उन्हाळ्यातून वसूल करतेयस का? मी प्रामाणिकपणे सांगते, थोडासा आहे सूड. दुधात पाणी असावं तेवढा. पण मग मला दिया आठवली. जायच्या आधी ती स्टॅनमोरला आली होती, माझ्याकडून "कुत्रं धरा" घोकून घेत होती, त्यांच्या भाषेत, आणि मध्येच मला म्हणाली, "आत्या, मला काही झाला तर बाबाला सांगू नको हं, तो पॅनिक करतो." मी म्हटलं, झालं, बापाचीच मुलगी! मग दारात बूट घालताना वळून म्हणाली, "पण बाबाला काही झाला तर मला सांगायचं. प्रॉमिस, आत्या?" मी तिला शब्द दिला होता. तू मला तो मोडायला सांगत होतास, आणि तुला ते माहीतही नव्हतं.

आता ऐक. हे पत्र मी घरी बसून लिहीत नाहीये. हीथ्रोवर, अरायव्हल्ससमोरच्या कॉफीच्या टेबलावर बसून लिहितेय. सोमवारी मी ओयुनला फोन केला. तिने एकही प्रश्न विचारला नाही, तिकडच्या तालुक्याच्या पोस्टात कळवलं. बुधवारी त्याच पोस्टातून दियाचा फोन आला: "आत्या, एक माणूस मोटरबाइकवर आला, तो सगळे तंबूमध्ये विचारत होता, इंडियन मुलगी कुठे आहे. बाबा कसा आहे? मी निघते." ती निघाली तेव्हा त्या घरच्या बाईने तिच्या वाटेवर पळीभर दूध शिंपडलं असणार, जाणारा सुखरूप पोचावा म्हणून तिकडे तशी रीतच आहे. मॉस्कोहून येणारं तिचं विमान आत्ताच उतरलंय, बोर्डावर आलंय. आम्ही इथून थेट तुझ्याकडे येतो. मी गाडी तुझ्या घरापासून चार दारं अलीकडे लावेन आणि हे पत्र तुझ्या लेटरबॉक्समधून आत सरकवून पुन्हा गाडीत जाऊन बसेन. मनीषाला सगळं ठाऊक आहे, तू वाचत असताना ती जवळच असेल. दुखऱ्या काळजाच्या माणसाच्या दारात अचानक उभं राहू नये, लांबून हाक मारावी आणि त्याला सावरू द्यावं, हे मी तिकडे शिकले. हे पत्र म्हणजे ती हाक. आणि माझा राग तुझ्या उंबऱ्याच्या आत यायच्या आधी कागदावर उतरावा, म्हणूनही. तेव्हा सावकाश वाच, पाणी पी, मग ऊठ आणि बाहेरच्या खोलीचा पडदा सरकव. आई सरकवायला लावायची तसा. या वेळी बाहेर कुणीतरी खरंच आलेलं असेल. आल्यावर सांगू, असं म्हणाला होतास ना? ती आलीये. आता तूच सांग.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई