कच्च्या शिलाईतला फॉर्म

आई, आज वर्गात मी पुन्हा तुझी गोष्ट सांगितली, आणि पुन्हा अर्धीच सांगितली. मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला मी संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र शिकवते, हे तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी पुण्यातच होते, इकडे आपल्या तालुक्यातल्या कॉलेजात आले ती नंतर. संख्याशास्त्र म्हटलं की आपल्याकडच्या पोरी मागचे बाक धरतात. गणिताला घाबरून तर त्या मानसशास्त्राकडे वळलेल्या असतात, आणि इथे येऊन बघतात तर गणित आधीच बाकावर बसलेलं. मग मी सूत्र लिहायच्या आधी फळ्यावर एक शिलाई मशीन काढते. ते इतकं वाईट येतं की पोरी हसतात, आणि हसल्या की निम्मं काम झालं.

अवसरीच्या घरात तुझं मशीन दाराशी असायचं. उजेडासाठी, असं तू म्हणायचीस. खरं कारण येणारीजाणारी बाई दिसावी हे होतं. बाबा गेल्यावर त्या मशीनवरच घर चाललं. विहाराकडच्या बायका, वरच्या आळीतल्या बागायतदारांच्या बायका, सगळ्या ब्लाउजसाठी तुझ्याकडे. तुझ्या वहीत साऱ्या गावाची मापं होती. मी बी.ए.ला सरासरी नवीनच शिकले होते, तेव्हा त्या वहीतली छातीची सगळी मापं घेऊन बेरीज-भागाकार केला आणि मोठ्या ऐटीत तुला सांगितलं, "आई, आपल्या गावाचं माप चौतीस आलं." तू तोंडातली टाचणी काढलीस. "मग शिव त्या मापाचं एक अन् घाल समद्या गावाला," म्हणालीस. "बसलं कुणाला तर सांग मला." सरासरीच्या जोडीला प्रमाण विचलन, म्हणजे मापं किती पसरलेली आहेत ते, का काढायचं, हे मला कुठल्याच पुस्तकाने इतकं चोख समजावलेलं नाही.

मग एम.ए.चं शेवटचं वर्ष आलं. शनिवारी गावी यायचं, रविवारी फाट्यावरून संध्याकाळची एसटी धरून पुण्याला परत. पुण्यात नोकरी मिळेल अशी चिन्हं होती. तुला एकटीला ठेवून जाणं बरोबर आहे का, हा प्रश्न मनात आला की मी घाईघाईने पुस्तक उघडायचे. आणि प्रबंधाला विषय कुठला घ्यावा मी? गावातल्या बायकांचा एकाकीपणा! इंग्रजीतली प्रश्नावली मराठीत आणली होती. 'मला एकाकी वाटते', आणि पुढे तीन चौकटी: कधीच नाही, कधी कधी, नेहमी. पहिल्या रविवारी मी वीस घरं फिरले. वीसही जणी म्हणाल्या, कधीच नाही. मी घरी येऊन फॉर्मचा गठ्ठा तुझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आपल्या गावात कुणीच एकाकी नाही."

तू इतकी हसलीस की हातातली कात्री खाली ठेवावी लागली. "एकाकी म्हंजी काय गं? रेडिओवरचा शब्द त्यो. तिला इचार, करमतं का म्हणून." आणि मग जे म्हणालीस ते मी दरवर्षी वर्गात तुझ्याच शब्दांत सांगते. "मापाला उभी केली की बाई पोट आत घेती. तू टेप घिऊन समोर गेलीस, ती पोट आत घिऊन बसली. बोलतं ठिवायचं, पाणीपावसाचं इचारायचं, अन् हळूच टेप फिरवायचा." उत्तर देणारा आपली बरी बाजू दाखवतो, यावर आम्ही तासन्‌तास बोलतो. तू ते दोन वाक्यांत उरकलंस, वर ब्लाउजही कापून झालं.

पुढच्या शनिवारी वरच्या आळीतली एक म्हातारी ब्लाउजचं माप द्यायला आली. घरात बारा माणसं, दारात ट्रॅक्टर. आदल्या आठवड्यात तिने मला 'कधीच नाही' म्हणून ठणकावलं होतं. तू तिच्या खांद्यावरून टेप टाकत सहज विचारलंस, "करमतं का आत्याबाई?"

"कसलं करमतंय गं," म्हातारी म्हणाली. "घर भरल्यालं हाय, पर समदी टीवीकडं तोंड करून बसत्यात. नातवंडं आपसात हिंदी बोलत्यात. चतुर्थीला ओझरच्या गणपतीला जात्यात, तर गाडीत मलाच जागा नसती. तुझ्याकडं बोलाया मिळतं म्हून आले. तसं ब्लाउज न्हाई शिवलं तरी चालंल."

मी लगेच पेन उघडलं. तू डोळे वटारलेस. ती जाईपर्यंत मी चोरासारखी पेन मुठीत धरून बसले होते. नंतर तू तिचं ब्लाउज शिवलंस, आणि पुढे मुद्दाम दोनदा माप चुकलं म्हणून परत बोलावलंस.

पुण्यातल्या मार्गदर्शक बाईंनी माझे वीस फॉर्म बाजूला ठेवले. म्हणाल्या, शब्द बदलायचे तर मधेच बदलता येत नाहीत. नवी प्रश्नावली करा, आधी थोड्या बायकांवर पूर्वचाचणी घ्या, मगच खरी पाहणी. मी रडकुंडीला येऊन हे तुला सांगितलं. "म्हंजी कच्ची शिलाई," तू म्हणालीस. "आधी कच्चं टाकं घालायचं, बसतं का बघायचं, मग पक्कं. त्यात रडायचं काय? घाल माझ्यावर."

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. तू मशीनवर बसली आहेस, मी उंबऱ्यावर फॉर्म घेऊन. मी प्रश्न वाचते, तू पायाने मशीन मारत उत्तरं देतेस. झोप लागते का, लागते. शेजारी येतात का, लई येतात, उठत न्हाईत. मग मी वाचलं, "घरात करमत नाही, असं होतं का?"

"मला काय धाड भरलीय?" तू म्हणालीस. "लिव्ह, कधीच न्हाई."

मी खूण केली. मग अगदी शिकलेल्या आवाजात म्हणाले, "पण तुझा फॉर्म धरता येणार नाही हं आई. घरचं माणूस चालत नाही." तू म्हणालीस, "बरं झालं." त्या संध्याकाळी फाट्यावर मला सोडायला आलीस तेव्हा तुझ्या हातात एक पिशवी होती. उरलेल्या ब्लाउजपिसांची, फॉर्मच्या मापाने शिवलेली, आत दोन कप्पे. "कच्चं अन् पक्कं एकात मिसळू नको," म्हणालीस. गाडी वळेपर्यंत तू फाट्यावर उभी होतीस.

प्रबंध चांगला झाला. नोकरी लागली. दर आठवड्याचं येणं महिन्यावर गेलं, मग सणावर. शेजारच्यांच्या फोनवर तू 'बरी हाय' म्हणायचीस आणि मी ते धरून चालायचे. तू गेल्यावर मी इकडच्या कॉलेजात आले. यायला हवं होतं आधी, आले नंतर.

आता मी माझ्या पोरींना घोडेगावच्या वरच्या गावांत पाठवते. त्या 'कधीच नाही'चे गठ्ठे घेऊन येतात आणि मी तुझ्यासारखी हसते. आज त्यातल्याच एकीने विचारलं, "मॅडम, घरच्या माणसाला नमुन्यात का घ्यायचं नाही? घरचं तर आपल्याला खरं सांगंल की." मी पूर्वग्रहावर दहा मिनिटं बोलले. पोरींनी ते नीट लिहून घेतलं, आणि मला माझीच लाज वाटली.

घरी आल्यावर ती पिशवी काढली. कच्च्या कप्प्यात तुझा एकच फॉर्म आहे. 'कधीच नाही'वरची खूण माझ्या हातची आहे, जरा जास्तच ठळक. हे पत्र त्याच कप्प्यात ठेवते, पाठवायला पत्ता कुठे आहे? खूण मी बदलणार नाही. एकदा घेतलेली नोंद मागाहून बदलायची नसते, हे मीच शिकवते. पण आई, त्या एका प्रश्नाला तुझं मशीन थांबलं होतं. उत्तर देऊन झाल्यावरच ते पुन्हा सुरू झालं. तू एरवी कुणाशीही बोलताना पाय थांबवत नव्हतीस. मला संध्याकाळची गाडी धरायची होती, आणि मशीन थांबलेलं मला ऐकू आलं होतं.