जॅनिसरींचे बाप

बाबा,

गेल्या शनिवारी लीड्सच्या त्या म्युझियममध्ये पुन्हा जाऊन आले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी ऑटोमन शस्त्रांच्या कपाटासमोर मी अजून शेजारी तुमच्यापुरती जागा सोडून उभी राहते.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नागपूरच्या स्वयंपाकघरात तुम्ही वरणाला फोडणी देताय आणि सकाळी कॉलेजात शिकवलेलं मला सांगताय, हे अजून डोळ्यांसमोर आहे. ऑटोमन तुर्कांच्या सुलतानाची माणसं ख्रिस्ती खेड्यांत यायची, धडधाकट मुलगे निवडून न्यायची, त्यांचं नाव आणि धर्म बदलायची, आणि त्या गुलामांतूनच साम्राज्याची सगळ्यात कडवी पलटण उभी राहायची. जॅनिसरी. त्यांचा मान जेवणाच्या हंड्यात असायचा. हंडा पालथा घातला की बंड. मला हे ऐकून फार हसू आलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये तुम्ही मला हॉस्टेलवर सोडलंत. दिवाळीत घरी आले तेव्हा पानावर बसून मी विचारलं, "बाबा, मीपण जॅनिसरीच झाले ना?" तुमचा आवाज चढला. "भलतंसलतं बोलू नकोस. त्यांना उचलून नेलं होतं. तुला मी पाठवलंय." मी खाली मान घालून जेवले. दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

पुढे मी इथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला लागले आणि तुम्ही रिटायर झाल्यावर एकदाच इकडे आलात. त्या कपाटात एका जॅनिसरीची बंदूक आहे. तुम्ही बराच वेळ तिच्याकडे बघत होतात. मग म्हणालात, "लग्न झालेल्या मुलाला सहसा नेत नसत. म्हणून बाप लहान लहान पोरांची लग्नं लावून टाकायचे. कुणी डोंगरात लपवायचे. आणि मी तुझी ट्रंक भरली." तुम्ही चष्मा काढून पुसत राहिलात. "एकट्याला जमेना गं मला." मी म्हणाले, "इट्स फाइन, बाबा. कॉफी घेऊया?" आणि पुढे चालायला लागले.

तीन महिन्यांनी तुम्ही गेलात. मी नागपूरला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

हे मी कुणालाच वाचायला देणार नाही, म्हणून कबूल करते. माफ तर मी तुम्हाला कॉलेजात असतानाच केलं होतं. सांगितलं नाही, कारण तुम्हाला ते थोडं टोचत राहावं असं मला वाटत होतं.