सत्त्याण्णव टक्के खात्री

प्रिय ताई,
तुला नमस्कार, उभ्यानेच. वाकता येत नाही.

पहिली तक्रार खुर्चीची. इतके अर्ज करून मिळवलेली खुर्ची काल मोडली, तीही माझ्याच पाठीवर.

आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतलं यंत्र जंतूची जनुकं वाचून सांगतं, त्याच्यावर कुठलं औषध चालेल. तापाने फणफणलेल्या एका बाईसाठी ते म्हणालं, "नेहमीचं चालेल, सत्त्याण्णव टक्के खात्री." मी सही ठोकली. ताप उतरेना. मग तिचा भाऊ आला.

"माझी बहीण मरतेय, आणि तू टक्के सांगतोस?" म्हणत त्याने खुर्ची घातली. मग मानेला धरून तोंड टेबलावर आपटलं. दोन बरगड्या आणि एक दात गेला.

आज सकाळी, तिच्या रक्तातून काचेच्या बशीत वाढवलेला जंतू पाहिला. त्या औषधात मजेत पसरला होता. असला जंतू यंत्राने कधी पाहिलाच नव्हता, तरी भावजींसारखं छातीठोक सांगितलं. आता औषध बदललंय. बाई अजून तापलेली आहे, पण तिने भावाला ओळखलं.

तुझा गुडघा कसा आहे? माझी काळजी नको. हसताना तेवढं दुखतं.

दुपारी पोलीस जबाब घ्यायला आला. म्हटलं, "जिन्यावरून घसरलो, साहेब."

भावजींनाही हेच सांग.

तुझा बोळका धाकटा