लेन्सचं कपाळ

बदलापूर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. पुतळा हिस,

मोठी बहीण म्हणून आशीर्वाद द्यावा लागतो, तो दिला. संक्रांतीला तुझा तिळगूळ आला नाही, माझाही गेला नाही, तेव्हा गोड बोलायचं बंधन दोघींनाही नाही. मी सांगते आहे आणि नात अक्षदा लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. शाळा तू शिकलीस, चौथीपर्यंत, आणि जन्मभर मिरवलीस. आता वाच. फोन केला की तू ‘रेंज नाही’ म्हणून ठेवतेस. कागदाला रेंज लागत नाही.

इकडे सगळं बरं. माझा गुडघा तुझ्या स्वभावासारखा, वाकत नाही. तुझी म्हैस व्याली असं कळलं. तुझ्या धाकट्या नातीचा, तेजलचा साखरपुडा ठरला असंही कळलं, तुझ्याकडून नाही, भाजीवालीकडून. मुलगा काय करतो विचारलं तर तिलाही माहीत नव्हतं, म्हणजे तू अजून सगळ्यांना सांगितलेलं दिसत नाही. नवलच.

सांगण्यावरून आठवलं. तुझ्या थोरल्या नातीच्या, हिमानीच्या लग्नाचे फोटो माझ्या सुयोगने पुसट काढले, हे तू चामटोलीपासून वांगणीपर्यंत सांगितलंस. पुसट आले, खरं आहे. नवरी कापसात गुंडाळल्यासारखी आणि हॉलचे दिवे फुगून भोपळ्याएवढे. पण तेवढ्यावर थांबलीस तर तू कसली. ‘प्यायला होता, हात थरथरत होते,’ हे कोणाचं वाक्य? अक्षदा म्हणते, आजी, हे इतकं सरळ नको लिहूया. मी म्हणते, लिही. ती सरळच बोलली होती.

माझा नातू काय पितो ते सांगते. जिरा सोडा. तोही अर्धा, ढेकर येतात म्हणून.

लग्नानंतर त्या पोराने फोटो का बिघडले ते शोधायला घरात काय चालवलं होतं, तुला कल्पना नाही. भिंतीवर पेपर चिकटवला, शेजारी मला बसवलं. कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर. बटण दाबतानाही तो हलतो म्हणून थोड्या वेळाने आपोआप फोटो निघेल असं करायचं. मग हातात धरून. कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास अर्धा सोडून थांबायचं, नेम माझ्या कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर. ‘आजी, हलू नकोस.’ या वयात मी कुठे पळून जाते? मग शटरचा वेग वाढव, लेन्सचं तोंड जरा बारीक कर, दुसरी लेन्स लाव, पुन्हा पहिली. वरच्या मजल्यावरचे शरदचंद्र, कंपनीत ऑफिसर होते, ते रोज चहाला येऊन सांगायचे की याहून भारी लेन्स घे. स्वतः फोटो काढतात तेव्हा त्यात त्यांचं बोट येतं.

आणि सुयोगचे हे फोटो? सगळे लख्ख. पेपरातल्या बारीक जाहिरातीही वाचता येत होत्या म्हणे. माझ्या हनुवटीवरचे केससुद्धा एकेक दिसत होते. ते त्याने मला दाखवले आणि भिंतीला टेकून बसला. म्हणाला, “आजी, लेन्स चांगली आहे. म्हणजे मीच वाईट आहे.”

आता तुझा पराक्रम ऐक. गेल्या आठवड्यात तेजलने अक्षदाला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला, हसण्यासाठी. लग्नाच्या दिवशी दुपारचा. सकाळची हळद उरकलेली, सुयोग मांडवात जेवायला बसलेला, कॅमेरा तुझ्या देवघरापुढे पाटावर, आणि तू ताम्हण घेऊन. कमावत्या वस्तूची पूजा तू सोडत नाहीस, तुझ्या घरात मिक्सरलाही कुंकू असतं. त्याला माझी ना नाही. पण लेन्सचं टोपण काढलंस. म्हणालीस, “देवापुढे झाकलेलं तोंड बरं दिसत नाही.” मग त्याचं कपाळ कुठलं ते तुला कळेना, तेव्हा काचेच्या बरोबर मधोमध हळदकुंकवाचं बोट टेकवलंस. तेजल म्हणाली, “अगं आजी, काचेवर काय.” तर पदर घेतलास आणि पुसलंस. कुठला पदर? ज्याला सकाळभर हळदीच्या तेलाचे हात पुसत होतीस तो. गोल गोल, मन लावून. टोपण लावलंस, नमस्कार केलास.

चौथी शिकलेली बाई.

सुयोगने ते दोनदा पाहिलं. म्हणाला, काचेवर तेलाचा पातळ थर बसला की दिवे असेच फुगतात, कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर कळत नाही. लग्नाहून आल्यावर नेहमीसारखी लेन्स साफ करून ठेवली, म्हणून घरातले फोटो लख्ख. सकाळचे हळदीचे उघडून बघितले, तेही लख्ख. त्यात तुझ्या नाकावरचा मस जागच्या जागी आहे.

मला वाटलं, आता हा चामटोलीला जाऊन भांडेल. तर म्हणतो, “पुतळाआजीला सांगू नका. तिने प्रेमाने केलं. काम सुरू करताना काच उजेडात तिरकी धरून मीच बघायला हवी होती.” असलं पोर. मी असते तर स्टेशनबाहेर बॅनर लावला असता. सांगणार नाही असं मी कबूल केलं त्याला. म्हणून तर मी काही बोलत नाहीये, अक्षदा लिहिते आहे.

पण कारण कळून काय उपयोग? ‘प्यायलेला फोटोवाला’ म्हटल्यावर ठरलेली कामं लोकांनी दुसऱ्याला दिली. नवीन कोणी विचारत नाही. येत्या गुरुवारी तो कॅमेरा आणि लेन्स उल्हासनगरच्या दुकानात विकायला नेणार आहे, आणि एक तारखेपासून अंबरनाथच्या कंपनीत पॅकिंगला. पॅकिंग काही वाईट काम नाही. पण परवा दिवेलागणीला तो रिकाम्या हातांनी खिडकीशी उभा होता आणि एक डोळा मिटून बाहेर बघत होता. मला ते बघवलं नाही. हे वाक्य अक्षदाला खोडायला सांगितलं होतं. तिने खोडलेलं नाही.

तर असं कर. गुरुवारच्या आत त्याला फोन कर, रेंज शोधून. तेजलच्या साखरपुड्याचे फोटो त्यालाच सांग. आणि ज्या ज्या ओट्यावर बसून तू ते वाक्य बोललीस, त्या त्या ओट्यावर जाऊन सांग की काचेला तेल लागलं होतं आणि पदर माझा होता. माफी मागू नकोस. तुला सवय नाही, उगाच कुठेतरी लचक भरेल.

व्हिडिओ आमच्याकडे आहे. तो मी कोणाला दाखवणार नाही. फार हौस आहे, तरी नाही दाखवणार. लोक तुला हसायला लागले तर मला तुझ्या बाजूला येऊन उभं राहावं लागेल, आणि या वेळी मला तिकडे उभं राहायचं नाही.

अक्षदा हे हातोहात आणून देते आहे. तिला चहा न देता पाठवू नकोस.

गुरुवारपर्यंत तरी तुझी बहीण,
बकुळा