गढूळ पाझराचे परीक्षण

३ सप्टेंबर

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मासिकाच्या विज्ञान-अद्भुत विशेषांकाची परीक्षणे माझ्या मानगुटीवर बसली आहेत. एका कादंबरीत परग्रहवासी पहिल्याच भेटीत आपल्याशी शुद्ध भाषेत बोलतात. लेखकाला स्वतःला ती जमत नाही, ही गोष्ट वेगळी. एका चित्रपटात अर्धे जग बुडते आणि नायिकेचे केस कोरडे राहतात. एका कवीने कृष्णविवरावर खंडकाव्य रचले आहे. आत गेलेले काहीच बाहेर येत नाही, हा नियम त्याने स्वतःच्या कपाटाला लावला असता तर वाचकांवर उपकार झाले असते. हे सगळे म्हणे भयाचे लेखन, आणि भय औषधालाही नाही.

आपला जुना खेळ आठवतो ना? घरच्या बातम्यांत तू एखादी कपोलकल्पित गोष्ट बेमालूम मिसळायचीस आणि मी तिचे परीक्षण उलट टपाली धाडायचो. एकदा पुन्हा लिही. धरणावर अभियंता झालीस म्हणून कल्पनाशक्ती सरकारजमा केली नसशील. अट तीच: ही गोष्ट आहे, असे चुकूनही कबूल करायचे नाही. बाबांना नमस्कार.

तुझा दादा

४ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

बाबांचे गुडघे तसेच आहेत आणि स्वभावही. काळजी निराळीच आहे.

मातीच्या धरणाच्या पायथ्याशी थोडे पाणी नेहमी पाझरते. ते नितळ असते तोवर कुणी झोप घालवत नाही. आमचा पाझर गढूळ झाला आहे. म्हणजे पाण्याबरोबर धरणाची माती बाहेर येते आहे. आत कुठेतरी पोखरले जात आहे. पायथ्याची वाळू मंद आधणासारखी उकळते. तलावाची पातळी उतरवा, असे मी वरिष्ठांना सांगितले. ते म्हणाले, पाहुणे येऊन जाऊ देत, तलाव भरलेला दिसला पाहिजे. आणि बाईमाणसाने चिखलाचा एवढा बाऊ करू नये. फोन त्यांच्याच टेबलावर असतो, म्हणून हे पत्र.

दोन कामे कर. तुझा वर्गमित्र लंबू हल्ली धरणांच्या मुख्य कार्यालयात आहे. त्याच्या कानावर हे घाल. आणि बाबांना लिही. आमचे घर धरणाच्या अगदी खाली. मी त्यांना टेकडीवरच्या शाळेत हलवू पाहते, तर ते म्हणतात, पोराचे पत्र आल्याशिवाय खुर्ची सोडणार नाही.

लोभ आहेच, या वेळी घाईही असावी.

तुझी धाकटी

८ सप्टेंबर

चि. धाकटीस अ. उ. आ.

शाबास! माझे पत्र मिळालेच नाही असे दाखवण्यासाठी तारीखसुद्धा मागची घातलीस. युक्ती खाशी.

आता परीक्षण. ना राक्षस, ना यान. नुसते पाणी गढूळ होते आणि वाचकाचा घसा कोरडा पडतो. हे साधले आहे. वरिष्ठांचे पात्र मात्र उथळ. इतका मूर्ख अधिकारी कुणाला पटणार नाही. लंबूला कथेत ओढणे किंचित स्वस्त वाटले. सर्वांत सरस उतरले आहेत ते बाबा. त्यांना टेकडीवर नेण्याचा मोह टाळ. त्यांनी खुर्चीतच बसून राहावे. ते उठले की कथा बसली. आणि पुढच्या भागात, हे सारे खरे आहे, अशी शपथ घे. त्यावाचून असल्या निवेदनाला धार येत नाही. दहापैकी साडेसात.

तुझा दादा

१२ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

तुझे ३ तारखेचे पत्र आले तेव्हा माझे टपालात पडून गेले होते. मनात पाल चुकचुकली होती. पण वाटले, दादा एवढे तरी ओळखेल.

मी खेळत नाही. हे खरे आहे. तू मागितलीस म्हणून शपथ घेते, असे समजू नकोस. आता कोणत्या शब्दांत लिहू, म्हणजे ते तुला चांगले वाटणार नाहीत?

तुझे परीक्षण मी लपवण्याआधी बाबांच्या हाती पडले. चष्मा पुसून ते म्हणाले, बघ, तोही म्हणतो खुर्चीतच बसा. माझा मुलगा विचार केल्यावाचून शब्द लिहीत नाही. उचलून न्यायला माणसे आणली, तर त्यांच्यावर काठी उगारली. धरणाच्या माथ्यावर खड्डा पडला आहे. परवा त्यात परात मावली असती. आज आमचे स्वयंपाकघर मावेल. बाबांना टाकून मी वर जाणार नाही. लंबूला सांग.

धाकटी

१६ सप्टेंबर

चि. धाकटीस अ. उ. आ.

शब्द चांगले न वाटण्याविषयीचे तुझे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. नऊ गुण देऊन टाकले.

काल लंबूला चहाला बोलावले; कथेत स्वतःला पाहून चपापेल, ही गंमत. दोन्ही पत्रे त्याला वाचून दाखवली, अधूनमधून माझ्या टिपणांसह. वाळू उकळते तिथे त्याचे हसू थांबले. खड्ड्यापाशी त्याने पत्र माझ्या हातातून ओढून घेतले आणि विचारले, पाणी गढूळ कधीपासून आहे? मी म्हटले, अरे, हे कल्पित आहे. त्यावर त्याने विचारले, ही कल्पित बहीण कोणत्या धरणावर नोकरी करते? मग भरला कप तसाच ठेवून तो जिना उतरून धावत सुटला. रसिकता त्याच्याकडे कधी नव्हतीच.

इथे पत्र संपवणार होतो. पण सकाळपासून तुमच्या कार्यालयाचा फोन लावतो आहे. ऑपरेटर म्हणते, त्या बाजूची लाइन वाजतच नाही. काहीतरी बिघाड असेल. लंबूच्या कार्यालयातही कुणी उचलत नाही.

बाबांसाठी वेगळा कागद सोबत आहे, तो त्यांना मोठ्याने वाचून दाखव. बाबा, खुर्ची सोडा, धाकटी नेईल तिथे जा, एवढेच त्यात आहे. लिहिले तसे पाकिटात घातले आहे. पुन्हा वाचून पाहिलेले नाही.

लोभ राहू दे. पत्र पोचले, इतके तरी कळव.

दादा